हजेरीतलं पहिलं नाव

माझ्या कागदात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय, असं मी नोकरीभर सगळ्यांना ऐकवत आलो. मंडलच्या, म्हणजे तालुक्याच्या, दफ्तरात माझं टेबल खिडकीजवळ होतं आणि फायलीला मी शेवटपर्यंत मिसलच म्हणत राहिलो, कारण माझे वडील म्हणायचे आणि निजामाच्या काळात त्यांचे वडीलही म्हणायचे. तहसीलदार आले नि गेले, एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, पण मी बांधलेली मिसल वरून कधी परत आली नाही. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हतो. गावातल्या पोरांनी माझं नाव 'दो कॉपी सार' ठेवलं होतं, कारण कुठलाही दाखला असो, मी दोन नकला मागायचो.

सेवानिवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी सांभाळायला लागतं. मी गावच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी झालो. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याहून आत, हायवेपासून चार-पाच किलोमीटरवर. चारी बाजूंनी कापूस आणि ज्वारी, आणि मधेच शाळेमागे ते मैदान. गोलचे खांब बोअरवेलच्या केसिंग पाइपचे. कुणाच्या तरी शेतात बोअर कोरडी गेली तेव्हा उरलेला पाइप पोरांनी वाहून आणला, कापला, वेल्डिंग करून उभा केला. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे मला तीन जणांनी तीन तऱ्हांनी समजावलं आहे. पण क्लबला खेळाडूंपेक्षा कागद जास्त लागतात, आणि ते माझ्या हातचं काम.

गेल्या हिवाळ्यात बातमी आली की देशपातळीवर एक नवा चषक सुरू होतोय. त्यात मोठमोठे व्यावसायिक क्लबही खेळणार आणि खेड्यापाड्यातले हौशी क्लबही. साखळी नाही, गुण नाहीत. हरला की बाहेर. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावणार, म्हणजे टीव्हीवर दिसणारा संघ एखाद्या दिवशी आपल्या मैदानात उतरू शकतो. आमची पोरं वेडी झाली. कुणी ट्रॅक्टर चालवणारा, कुणी जिनिंगमध्ये हमाली करणारा, एक तर नार्नूरच्या शाळेत तात्पुरता मास्तर. सगळे संध्याकाळी माझ्या ओट्यावर आले आणि म्हणाले, सार, फॉर्म भरा.

फॉर्म भरायला घेण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी आमचा गोलकीपर वारला होता. चोवीस वर्षांचा होता. उंच, कमी बोलणारा, बापाचा एकुलता एक. सामना सुरू होण्याआधी तो हातमोज्याच्या मुठीनं आधी डाव्या खांबाला दोन ठोके द्यायचा, मग उजव्या खांबाला दोन. पाइप आतून पोकळ, त्यामुळे तो आवाज पार शाळेच्या ओसरीपर्यंत यायचा. त्याचा बाप मैदानाला लागूनच राहतो. कापूस पिकवतो, आणि सामना असला की चुना घेऊन मैदानाच्या रेषा आखतो. त्यांना मी दादा म्हणतो, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत. पोरगा गेला तरी दादांनी रेषा आखणं सोडलं नाही.

पोरगा गेल्यानंतरचा पहिला सामना होता. सामन्याआधी मी माइकवरून संघाची हजेरी वाचतो, नाव घेतलं की खेळाडू 'हाय', म्हणजे हजर, म्हणतो. त्या दिवशी सवयीनं माझ्या तोंडून पहिलं नाव त्याचंच गेलं. सगळं मैदान गप्प झालं. दादा कोपऱ्यात चुन्याची बादली धरून उभे होते. मला पुढचं नाव घ्यायचं सुचेना. एक माणूस 'हाय' म्हणायला जेवढा वेळ घेतो त्याच्या चौपट वेळ मी थांबलो असेन, आणि मग दुसरं नाव घेतलं. पुढच्या सामन्याला पोरंच म्हणाली, सार, त्याचं नाव घ्या. तेव्हापासून तो रिवाज पडला. पहिलं नाव त्याचं, मग सगळे मान खाली घालून थांबायचे, मग दुसरं नाव. एक नंबरची जर्सीही कुणी घातली नाही. नवा कीपर बावीस नंबर घालतो आणि गोलमध्ये थोडा पुढे सरकून उभा राहतो, कारण मागं दोन पावलांच्या जागी, जिथं तो पोरगा उभा राहायचा तिथं, दोन पावसाळे गेले तरी गवत आलं नव्हतं. तिथं उभं राहिलं की पाठीमागून कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं, असं नव्या कीपरनं मला एकदा सांगितलं. मी त्याला म्हटलं, जाळीतून वारा येतो. तो हो म्हणाला आणि तरीही पुढेच उभा राहिला.

आणि खांब वाजायचे. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा, दिवस मावळताना. डाव्या खांबावर दोन, जरा थांबून उजव्या खांबावर दोन. फक्त त्या एका गोलचे, समोरच्या गोलचे नाही. बायका त्या वेळी मैदानातून जायच्या बंद झाल्या, लांबच्या वाटेनं जाऊ लागल्या. मी मात्र सगळ्यांना समजावत बसायचो की दिवसा पाइप तापतो, संध्याकाळी गार होताना आकसतो, म्हणून आवाज येतो, आणि त्या गोलवर मैदानाकडेच्या पळसांची सावली आधी पडते म्हणून तोच वाजतो. हे खरंच आहे. पण घराकडे जाताना मी त्या गोलकडे पाठ करून चालायचो नाही, हेही खरं आहे.

तर मी फॉर्म भरायला बसलो. वीस खेळाडूंची यादी ऑनलाइन चढवायची होती. मी डोळे मिटले आणि हजेरी जशी तोंडानं म्हणतो तशी म्हणत गेलो, आणि तशीच टाइप करत गेलो. मग मिसल उघडली आणि प्रत्येकाचं आधार एकेक करून चढवलं. यादी छापून क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि ताकीद दिली की सगळ्यांनी तपासा, एका अक्षराची चूक नको. एकोणीस जणांनी तपासली. एकोणीस अंगठे आले. एकाच्या आडनावातली वेलांटी चुकली होती, ती मी दुरुस्त केली.

यादीत पहिलं नाव कुणाचं आहे, हे आमच्यातल्या एकालाही खटकलं नाही. तिथं तेच नाव असायचं. बाहेरच्या माणसानं पाच मिनिटांत पकडली असती अशी ती चूक. आमच्या गावात मात्र ती कुणाला दिसणार नव्हती.

चषकाचं उद्घाटन आदिलाबादला एका फंक्शन हॉलमध्ये झालं. आम्ही दोन जीप करून गेलो, दादाही आले. व्यासपीठावर चषक झाकून ठेवला होता, पाहुण्यांनी वरचं कापड काढलं आणि फोटो निघाले. भाषणं तेलुगूत झाली, नियम हिंदीतून सांगितले. हैदराबादहून आलेल्या अधिकाऱ्यांनी एक नियम दोनदा सांगितला: सामन्याआधी ज्याचं कार्ड त्यानं समोर उभं राहायचं, आणि एक जरी खोटं नाव सापडलं तरी तो अख्खा क्लब बाहेर. मी मान डोलावली. असले नियम मला आवडतात.

मग चिठ्ठ्या निघाल्या आणि आमची चिठ्ठी हैदराबादच्या एका व्यावसायिक क्लबबरोबर आली. तीही आमच्याच मैदानात, आणि तोच या भागातला पहिला सामना. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. त्यांतल्या दोघा-तिघांना वय हातातून चाललंय हे ठाऊक होतं. हा नव्वद मिनिटांचा एक दिवस सोडला तर त्यांच्याकडे कुणी बघायला येणार नव्हतं.

त्यानंतर खेळाडूंची कार्डं वाटायला घेतली. एकेक नाव पुकारायचं, त्यानं वर जायचं, कार्ड गळ्यात घालून घ्यायचं. आमच्या क्लबची पाळी आली आणि माइकवरून पहिलं नाव आलं. त्याचं.

मला आधी काही वाटलंच नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. सवयीनं मी मान खाली घातली. आमच्या एकोणीसही पोरांनी घातली. सगळा हॉल गडबडत होता आणि आमची एक रांग तेवढी गप्प होती. अधिकाऱ्यांनी नाव पुन्हा पुकारलं, आणि तेव्हा मला कळलं की यादीत मी काय लिहून बसलोय. एवढ्यात माझ्या मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"हाय," दादा म्हणाले.

दोन वर्षांत त्या नावाला पहिल्यांदाच कुणी ओ दिली. दादा धोतर सावरत व्यासपीठावर गेले. बाप घेतोय कार्ड, पोरगा आला नसेल, असं त्या अधिकाऱ्यांना वाटलं असणार. त्यांनी हसून ते दादांच्या हातात दिलं.

परत येताना जीपमध्ये मी ते कार्ड पाहिलं. बाकीच्यांचे फोटो रंगीत, नुकते काढलेले. याचा फोटो आधारच्या झेरॉक्सवरून घेतलेला होता. चेहरा काळा पडला होता, डोळ्यांतलं पांढरं तेवढं दिसत होतं, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत कागदाच्या घडीची एक रेघ गेली होती. ती घडी मी ओळखली. दादांनी कार्ड सदऱ्याच्या आत ठेवलं आणि शांतपणे म्हणाले की सामन्याच्या दिवशी त्याच्या जागी ते उभे राहतील.

आता ती घडी.

तो गेला त्या दिवशी जिल्हा लीगचे फॉर्म द्यायचे होते. तो संध्याकाळी माझ्याकडे फॉर्म घेऊन आला, पण आधारची झेरॉक्स नव्हती. सकाळी देतो सार, म्हणाला. सकाळी घेतली असती तर काही बिघडलं नसतं, मला ते पक्कं ठाऊक होतं. पण मी म्हणालो, कागद पुरा नसेल तर मी मिसल बांधत नाही. तो हसला, मोटारसायकल काढली आणि हायवेवरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे गेला. परत येताना वळणावर ट्रकनं उडवलं. पंचनाम्याला पोलिसांनी मलाच बोलावलं, कारण कागदाचं काम मला येतं. मोबाइल, किल्ली, रुमाल, सगळं मी लिहून दिलं. रस्त्याच्या कडेला गवतात एक घडी केलेला कागद पडला होता, स्वच्छ, त्यावर रक्ताचा थेंबही नव्हता. मी तो उचलला आणि खिशात घातला. पंचनाम्यात लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी तो मिसलीत लावला. का लावला, मला सांगता येत नाही. कागद आला की मी लावतो.

दहाव्याच्या दिवशी दादांनी मला विचारलं होतं, पोरगा त्या वेळी हायवेला कशाला गेला असेल? मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

हे एवढं एक वाक्य घेऊन मी दोन वर्षं त्या माणसाच्या समोर रोज उठत-बसत होतो. एकत्र चहा पीत होतो. आणि प्रत्येक सामन्याला त्याच्या पोराचं नाव घेऊन थांबत होतो, आणि लोक म्हणत होते की सार किती मायेनं नाव घेतात.

मी जिल्ह्याच्या संयोजकांना फोन केला. त्यांनी सांगितलं की सामन्याआधी कार्ड जमा करा, यादीतलं नाव स्वतःच्या सहीनं काटा, चूक म्हणून विषय संपेल. पण ते कार्ड घालून कुणी दुसरा रांगेत उभा राहिला तर मग माझ्या हातात काही नाही, म्हणाले, तुमची पोरं बाहेर. म्हणजे दादांकडून कार्ड मागायचं होतं. आणि ते मागायचं तर आधी झेरॉक्सचं ते सगळं सांगितल्याशिवाय माझी जीभ उचलणार नव्हती. मी तीन दिवस घालवले. रोज मैदानापर्यंत जायचो आणि पळसाखालून परत फिरायचो. एकदा खांब वाजले, डावीकडे दोन, उजवीकडे दोन, आणि मला वाटलं की हे आता मलाच विचारून राहिलेत.

सामन्याला दोन दिवस उरले तेव्हा मी सकाळीच गेलो. दादा त्याच गोलपुढची रेषा आखत होते. दोरी ताणलेली, बादलीत चुना, आणि वाकून एक-एक मूठ सोडत चालले होते. त्या दोन पावलांच्या जागेशी आले की ते हात वर उचलत होते, तिथं चुना पडू देत नव्हते.

"दादा," मी म्हणालो, "कार्ड वापस करा लागते."

"काऊन? नाव तर त्यायनंच वाचलं."

चूक माझी झाली, मी म्हणालो, यादीत नाव मीच लिहिलं. दादा म्हणाले की दर सामन्याला तुम्ही ते वाचता, तेव्हा चूक नसते का. मग मी सगळं सांगितलं. सकाळी घेतली असती तरी चाललं असतं, हे सांगितलं. गवतातला कागद सांगितला. दहाव्याला खोटं बोललो, ते सांगितलं. मला वाटलं होतं की मी रडेन, पण रडू आलं नाही. बोलताना मी दादांकडे पाहिलंच नाही, पायाखालच्या चुन्याकडे पाहत होतो.

दादांनी दोरी गुंडाळली. मग सदऱ्यातून कार्ड काढलं, प्लास्टिकच्या पाकिटात होतं ते. कार्डाच्या मागून त्यांनी एक घडी केलेला कागद ओढून काढला आणि उलगडून माझ्यापुढे धरला. आधारची झेरॉक्स. एका कडेला तपकिरी डाग, वाळलेला.

"दोन काढल्या होत्या त्यानं," ते म्हणाले. "एक तुमी उचलली. ही त्याच्या शर्टाच्या खिशात होती. दोन-दोन नकला या गावात कोण मागते, भाऊ?"

मी म्हणालो, मग इतके दिवस बोलले काऊन नाही.

"तुमी बोलसान म्हून वाट पाहून राह्यलो होतो."

दादांचा आवाज चढलाही नव्हता. एखाद्यानं शेताची हद्द दाखवावी तसं ते बोलत होते, आणि मला वाटत होतं की त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

"घरी वर्षभर त्याचं पान वाढलं," ते म्हणाले. "वर्षश्राद्ध झालं, बंद केलं. त्याची माय रडली, तरी बंद केलं. पण तुमी बंद नाही केलं. तुमी त्याचं नाव घेता आन् थांबता. तुमी थांबता म्हून थोही थांबते. रोज सांजेले मी घरातून आयकतो, भाऊ. बापाले हे आयकवत नाही."

त्या दिवशी हॉलमध्ये उठून का गेलात, हे मी विचारलं. ते म्हणाले की कुणीच उठत नव्हतं, पोराचं नाव असं किती दिवस पडून राहायचं. तुम्ही आज आला नसता तर परवाही उभा राहिलो असतो, म्हणाले, पोरं बाहेर गेली असती तरी. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरं बोलत होते.

मग त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं, आणि त्यावर ती झेरॉक्सही ठेवली.

"ही बी घ्या. तुमची मिसल पुरी झाली," ते म्हणाले. "नाव तुमच्या हातानं काटा. आन् परवा वाचताना थांबू नका."

मी घरी येऊन लाल पेनानं नाव काटलं. नोकरीत मी हजारो नावं काटली असतील, वारस लागले की मयताचं नाव काटतातच. हे एक नाव काटायला मला संध्याकाळ झाली.

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती माणसं मावत नव्हती. वांकिडीहून, सीमेपलीकडच्या गावांतून टेंपो भरून लोक आले होते. टेबलावर तो चषक ठेवला होता आणि शेजारी बंदूक घेतलेला पोलीस. हैदराबादचा संघ एसी बसमधून उतरला, एकसारखे बूट, एकसारख्या पिशव्या. अधिकाऱ्यांनी आमची एकोणीस कार्डं एकोणीस चेहऱ्यांशी लावून पाहिली. काटलेल्या नावापुढे माझी सही पाहिली, काही विचारलं नाही.

मी माइक हातात घेतला. दुपारचे साडेतीन, ऊन चांगलं तापलेलं. आमची पोरं रांगेत उभी होती आणि मी तोंड उघडण्याआधीच सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नाव काटलंय हे त्यांना ठाऊक होतं, तरी माना गेल्याच. दादा कोपऱ्यात बादली धरून उभे होते. माझ्या जिभेवर तेच नाव आलं, अगदी ओठांपर्यंत. तेवढं एक नाव घ्यावं आणि थांबावं, असं मला जितकं वाटलं तितकं आयुष्यात कशाचंच वाटलं नव्हतं. मी नव्या कीपरचं नाव घेतलं. लगेच दुसरं, लगेच तिसरं. कीपर भांबावून उशिरा 'हाय' म्हणाला, तोवर मी पाचव्या नावावर होतो. एकोणीस नावं मी एका दमात संपवली आणि माइक खाली ठेवला.

आम्ही चार-शून्यनं हरलो. पण पहिला अर्धा तास एकही गोल झाला नाही, हे आमच्याकडे अजून सांगतात. त्या अर्ध्या तासात एक जोराचा फटका आला तेव्हा आमचा कीपर मागे सरकला आणि थेट त्या दोन पावलांवर जाऊन उभा राहिला, चेंडू त्याच्या छातीत आला. त्यानं खाली पाहिलं. मग मध्यंतर होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला. नंतर मी त्याला विचारलं, मागून काही वाटलं का? तो म्हणाला, काहीच नाही सार, नुसती जाळी हाय. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

हरला की बाहेर. चषक बसमध्ये बसून पुढच्या गावाला गेला.

त्या संध्याकाळी मी गोलजवळ थांबलो. दिवस मावळला, पळसांची सावली खांबांवरून चढत गेली, पाइपला हात लावला तर गार होत चालला होता. आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिना गेला, ऊन वाढलं, पाइपला हात लावला की चटका बसायचा आणि संध्याकाळी तोच पाइप गार पडायचा. लोखंड तेच, सावली तीच. मी सगळ्यांना दोन वर्षं जे समजावलं ते शंभर टक्के बरोबर आहे. तरी खांब वाजत नव्हते. बायका पुन्हा मैदानातून जाऊ लागल्या.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माणूस निघून गेल्यावर घर जसं ओकंबोकं वाटतं, तसं मला ते मैदान वाटू लागलं. एके दिवशी संध्याकाळी तिथं कुणी नाही असं पाहून मी डाव्या खांबापाशी गेलो आणि मुठीनं दोन ठोके मारले. आवाज अगदी तसाच आला. उजव्या खांबाकडे वळलो, हात उचलला, पण धीर झाला नाही. मी तसाच झपाझप घरी निघून आलो, मागे पाहिलं नाही.

सकाळी दादा ओट्यावर आले. चहा घेतला. बराच वेळ कापसाच्या भावाचं बोलले. मग कप खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं,

"काल सांजेले खांब वाजले. डाव्याले दोन, उजव्याले दोन. मी मोजले. तुमीच होते ना?"

मी दोनच मारले होते. माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून मी कप उचलून तोंडाला लावला. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हो म्हणावं म्हणून तो माणूस जीव मुठीत धरून बसला होता.

"हो दादा," मी म्हणालो. "चारही मीच."

त्यांनी श्वास सोडला. "आता नका वाजवू," म्हणाले, आणि उठले. त्यांच्याशी मी दोनदा खोटं बोललो. पहिलं खोटं मी त्यांच्या चुन्याच्या रेषेवर उभं राहून दुरुस्त केलं. हे दुसरं मी दुरुस्त करणार नाही.